वळून पाहणारा

कौलारू घरात माणूस एकटा कधीच राहत नाही. आढ्याशी पाल असते, न्हाणीच्या दगडाखाली बेडूक असतो, तुळईत भुंग्याने कोरलेली बिळे असतात, देव्हाऱ्यामागे झुरळ असते. या सगळ्यांचे आपल्याशी नाते भीतीचे, नाहीतर बेफिकिरीचे. सावली पडली की पाल सरकते, दिवा लागला की झुरळ फटीत शिरते, मुंगी आपल्या पायाला वळसा घालून तिच्या वाटेने निघून जाते. उडी कोळी मात्र वेगळा. भिंतीवर तो दिसला आणि वीतभर अंतरावर बोट धरले, की तो चालता चालता थबकतो. मग झटक्यात अंग वळवतो आणि तोंड आपल्याकडे करतो. बोट उजवीकडे नेले की तो उजवीकडे वळतो, वर नेले की पुढचा भाग उचलतो. पळायचे की थांबायचे हे त्याचे अजून ठरलेले नसते. आधी त्याला पाहून घ्यायचे असते.

करंगळीच्या नखावर मावेल एवढा हा जीव. त्याच्याएवढ्या आकाराचे दुसरे कुणी मला असे निरखून पाहत असेल असे वाटत नाही. त्याला मी काय दिसते, माणूस दिसते की नुसता हलणारा डोंगर, हे मला सांगता येणार नाही. पण तो पाहतो आहे हे नक्की, आणि त्या पाहण्यासाठी तो राबतो आहे, हेही आता मला ठाऊक आहे. तो राबतो कसा, हे कळल्यापासून या घरातल्या भिंतींकडे मी निराळ्या नजरेने बघते.

आमचे गाव गुंजी, बेळगावच्या खानापूर तालुक्यात, लोंढा आणि खानापूर या दोन स्टेशनांच्या मध्ये. माउलीचे देवस्थान, लहानसे रेल्वे स्टेशन, भाताची खाचरे, काजूची झाडे आणि पश्चिमेला सह्याद्रीकडे चढत जाणारे रान. तिकडेच कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, आणि तिकडेच भीमगडचे अभयारण्य आहे. पावसाळ्यात इथे भिंतींना ओल चढते, कपडे वाळत नाहीत आणि घराबाहेरचे निम्मे किडे घरात राहायला येतात. किडे आले की त्यांच्या मागावर उडी कोळी येतात.

आमच्या घरात ते मुख्यतः तीन जातींचे. त्यांची नावे लॅटिन आहेत, पण तोंडात बसली की परकी राहत नाहीत. चुन्याच्या भिंतीवर करड्या, चपट्या अंगाचा फिरतो तो मेनेमेरस बायव्हिटाटस. ओटीवरच्या दिव्यापाशी टपून बसतो तो प्लेक्सिपस पेकुली. याचा नर काळा, आणि अंगावर लांब पांढरे पट्टे. न्हाणीघराच्या ओलाव्यात आणि माठाच्या तिवईखाली सापडतो तो हॅसेरियस अ‍ॅडॅनसोनी. त्याच्या नराच्या तोंडापुढे दोन पांढऱ्या स्पर्शिका सतत वरखाली होत असतात. हे तिघेही माणसाच्या सामानसुमानातून जगभर फिरले आणि उष्ण देशांतल्या घराघरांत स्थिरावले. परसात, हळदीच्या पानांवर एक चौथी असते, टेलामोनिया डिमिडियाटा. तिची मादी फिकट पिवळी, पोटावर दोन लांब तांबडे पट्टे, डोळ्यांभोवती तांबडी वर्तुळे. ही बाई इतकी देखणी आहे, की तिच्या फोटोखाली भलतेसलते लिहून कुणीतरी तिला जीवघेणी ठरवले आणि ती अफवा इंटरनेटवर देशोदेशी फिरली. खरे म्हणजे माणसाला तिच्यापासून काहीही धोका नाही.

‘काय बघूलीस गं एवढं त्या किड्यात?’ सासूबाई विचारायच्या. हातात केरसुणी असायची. दसऱ्याच्या आधी घर झाडायला घेतले की बांबूला बांधलेल्या झाडूने कोपऱ्यांतली जळमटे निघत आणि त्यांच्याबरोबर हे बिचारेही निघत. जळमटांशी त्यांचा संबंध नसतो. उडी कोळी शिकारीसाठी जाळे विणत नाही. रेशीम त्याच्याकडे आहे, पण ते राहायच्या पिशवीसाठी, अंड्यांच्या वेष्टनासाठी आणि मागे सोडायच्या दोरीसाठी. जाळ्यात बसून वाट पाहायची, धागा हलला की धावायचे, हा कोळ्यांचा नेहमीचा धंदा त्याने केव्हाच सोडून दिला आणि डोळ्यांवर पोट भरायला सुरुवात केली. हे एकदा सासूबाईंना सविस्तर सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, आणि त्यानंतर केरसुणी भिंतीवर फिरवण्याआधी त्या भिंतीवर एक टिचकी मारू लागल्या.

डोळ्यांवर पोट भरायचे म्हणजे काय, ते त्याच्या डोळ्यांत शिरल्याशिवाय समजत नाही.

त्याला आठ डोळे. त्यांतले सहा बाजूचे आणि मागचे, आकाराने लहान. त्यांना चित्र स्पष्ट दिसत नाही, हालचाल दिसते. ते जवळजवळ सगळीकडे पाहू शकतात, म्हणून मागून हळूच बोट नेले तरी त्याला कळतेच. कळले की तो वळतो आणि पुढचे दोन मोठे डोळे त्या दिशेला लावतो. हे दोन डोळे म्हणजे सृष्टीतली एक अपूर्व गोष्ट आहे. वरून दिसते ते भिंग डोक्याच्या कवचातच पक्के बसलेले आहे, ते हलत नाही. त्याच्या मागे डोक्याच्या आत लांबवर गेलेली एक नळी आहे, आणि नळीच्या टोकाला दृष्टिपटल. ही नळी आत, डोक्यात, हलते. प्रत्येक नळीला सहा स्नायू आहेत. आपल्या बुबुळालाही सहाच असतात. मायकेल लँड या शास्त्रज्ञाने १९६९ मध्ये या नळ्यांची हालचाल बारकाईने नोंदवून मांडली. कोळी वरून पुतळ्यासारखा स्तब्ध दिसत असतानाही आत त्याची दोन्ही दृष्टिपटले बाजूला सरकत, किंचित फिरत, समोरची वस्तू चाचपत असतात. टेलामोनियाच्या मादीसारख्या फिकट अंगाच्या कोळ्यात हे बाहेरूनही दिसते. तिच्या डोळ्यातला काळेपणा एका बाजूला सरकतो, डोळा क्षणभर मधाळ होतो, पुन्हा काळा होतो. ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. कुणीतरी आतून आपल्याला वाचत होते.

हे वाचणे ओळीओळीनेच चालते, कारण त्याचे तीक्ष्ण दृष्टिपटल फारच अरुंद आहे. एका वेळी त्याला समोरच्या दृश्याची काही अंशांचीच उभी पट्टी दिसते. अंधाऱ्या गाभाऱ्यात बॅटरीचा झोत फिरवत आपण मूर्ती पाहतो, आधी मुकुट, मग डोळे, मग हातातले आयुध, आणि मूर्ती आपल्या मनात उभी राहते, तसे त्याचे पाहणे. पण त्या अरुंद पट्टीतली सफाई थक्क करणारी आहे. पोर्शिया नावाच्या उडी कोळ्याच्या डोळ्याची मोजमापे झाली आहेत. अंशाच्या चार शतांशाइतके जवळ असलेले दोन ठिपके त्याला वेगळे दिसू शकतात. माणसाची नजर याहून पाच-सहा पटींनी तीक्ष्ण, पण माणसाचा डोळा केवढा आणि या कोळ्याचे अख्खे अंग केवढे! हजारो भिंगांचे डोळे मिरवणारा चतुर दृष्टीच्या तीक्ष्णतेत त्याच्या जवळपासही येत नाही.

एवढी नजर मिळवायची तर किंमत द्यावी लागते, आणि त्याने ती अंगातूनच दिली आहे. पुढच्या शरीरातला मोठा भाग डोळ्यांच्या नळ्यांनी आणि मेंदूनेच भरून गेलेला. शिवाय वेळेचीही किंमत. समोरची वस्तू काय आहे हे ठरवायला त्याला उभे राहावे लागते, थोडे थोडे पाहून जोडावे लागते. माशी आहे का, आपल्या जातीची मादी आहे का, की आपल्याला खाणारे काही आहे? या तीन प्रश्नांची उत्तरे चुकली तर दुसरी संधी नसते. आपल्याला डोळे उघडले की सगळे आयते समोर मांडलेले वाटते. तसे ते नसते, आपलीही तीक्ष्ण नजर मध्यावरच्या एका ठिपक्यापुरती असते आणि आपणही भराभर नजर फिरवून बाकीचे भरून काढत असतो. पण ते आपल्याला जाणवत नाही. कोळ्याकडे पाहताना ते जाणवते. पाहणे ही मेहनत आहे हे मला त्या भिंतीवर दिसले, आणि मेहनत न करता पाहिलेल्या गोष्टींची यादी मनात लांबत गेली. आयुष्यात कितीतरी माणसांकडे मी सहा लहान डोळ्यांनीच पाहिले आहे, हालचाल तेवढी टिपली आहे.

अंतर मोजायची त्याची तऱ्हा तर आणखी सुंदर. आपण दोन डोळ्यांत पडणाऱ्या थोड्या वेगळ्या चित्रांवरून अंतर ओळखतो. कोळ्याच्या अरुंद पट्ट्या तशा उपयोगाच्या नाहीत. जपानमधल्या ओसाका इथल्या शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये याचा छडा लावला, आणि त्यांनी प्रयोगासाठी घेतला होता तो हॅसेरियस अ‍ॅडॅनसोनी, माझ्या माठाखालचा! त्याचे दृष्टिपटल एकावर एक अशा चार थरांचे असते. सगळ्यांत खोलचे दोन थर हिरव्या प्रकाशाला जागे होतात. त्यांतल्या एकावर चित्र स्पष्ट पडते, दुसऱ्यावर तेच चित्र नेहमी धूसर पडते. वस्तू जितकी जवळ तितका हा धूसरपणा वेगळा, आणि त्या धूसरपणाच्या मापावरून तो अंतर काढतो. शास्त्रज्ञांनी खोलीत हिरवा प्रकाश ठेवला तेव्हा त्याच्या उड्या अचूक पडल्या. तांबडा प्रकाश ठेवला तेव्हा त्या शिकारीच्या अलीकडेच पडू लागल्या. आपण चष्म्याच्या दुकानात ज्या धूसरपणापासून सुटका करून घ्यायला जातो, तो त्याने अंतर मोजायला ठेवला आहे. जुलैत भात लागलेले असते, खाचरांतून येणारा उजेड ओटीच्या भिंतीपर्यंत हिरवा होऊन पोचतो. अशा दुपारी हॅसेरियस माशीवर उडी घेताना दिसला की मला ओसाकातल्या त्या खोलीची आठवण येते.

आणि उडी. तिच्याविषयी फार वाढवून सांगितले जाते. शरीराच्या पन्नास पट उडी मारतो असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले असते. इंग्लंडात मँचेस्टरमध्ये संशोधकांनी फिडिपस रेगियस जातीच्या एका मादीला उडी मारायला शिकवले, तिचे नाव किम ठेवले, आणि वेगवान कॅमेऱ्यांनी तिची प्रत्येक हालचाल टिपली. २०१८ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. किम जागेवरून शरीराच्या सहा पटींपर्यंत उडी घेत होती. मला हे सहा पट पन्नास पटींहून मोठे वाटतात, कारण त्याच नोंदींत आणखी एक गोष्ट होती. जवळचे लक्ष्य असेल तर ती जास्त जोर लावून सपाट, वेगवान उडी मारी, म्हणजे शिकारीला पळायला वेळ मिळत नाही. लांबचे असेल तर कमीत कमी ताकदीत पोचेल अशी कमान धरी. हिशेब करून उडी मारणाऱ्याला पन्नास पटींची गरज काय?

कोळ्यांच्या पायांची रचनाही विलक्षण. पाय आखडायला त्यांच्याकडे स्नायू आहेत, पण मुख्य दोन सांध्यांत पाय सरळ करायला स्नायूच नाहीत. तिथे ते रक्ताचा दाब वापरतात. पुढच्या शरीरात दाब वाढवला की रक्त पायांत शिरते आणि पाय ताठ होतात. मेलेला कोळी पाय पोटाशी घेऊन आकसलेला दिसतो तो यामुळेच; दाब गेला, आखडणारे स्नायू तेवढे उरले. उडीआधी तो आणखी एक काम करतो, जे बघायला नीट डोळे लावावे लागतात. पोटाचे टोक भिंतीला टेकवतो आणि रेशमाचा धागा तिथे चिकटवतो. उडी चुकली तर धाग्याला लोंबकळून परत वर येता येते. तैवानमधल्या अभ्यासकांनी २०१३ मध्ये दाखवले की हा धागा एवढ्यावरच थांबत नाही. हवेत असताना तोच त्याला सावरतो, अंग कोलमडू देत नाही, आणि उतरताना पाय आधी टेकतील असे ठेवतो. तोही प्रयोग हॅसेरियसवरच झाला होता.

इतके पाहणारे, इतके मोजणारे हे जीव मरतात मात्र सर्रास. पालीच्या तोंडी जातात, मोठ्या कोळ्यांच्या तोंडी जातात, आणि कुंभारणीच्या हाती लागतात. कुंभारीण म्हणजे ती बारीक कमरेची गांधीलमाशी, जी ओल्या मातीचे गोळे आणून खिडकीच्या चौकटीत, फोटोच्या मागे, दाराच्या कडीतही घरटे लिंपते. खानापूरची माती मडकी आणि कौले यांसाठी नावाजलेली, आणि आमच्या विहिरीकाठची माती या कुंभारणीनेही पसंत केली आहे. ती कोळी पकडते, डंख मारून त्याला लुळा करते, मारत मात्र नाही, आणि मातीच्या कोठडीत रचून ठेवते. सोबत एक अंडे. अळी बाहेर आली की तिला ताजे अन्न तयार. असे एक घरटे चौकटीवरून गळून पडले आणि फुटले. आतून लहान कोळी ओसरीवर सांडले, त्यांत दोन उडी कोळी होते. डोळे काळेभोर, पाय ढिले. त्या डोळ्यांना तेव्हाही काही दिसत असेल का, हा विचार मला बराच काळ सोडून गेला नाही. कुंभारणीचा राग करावा तर तीही आई. मी तुकडे उचलून परसात ठेवले.

बाहेर, काजूच्या झाडावर, या कुळातला सगळ्यांत मोठा बहुरूपी राहतो. काजू-आंब्यावर हुमले असतात. पाने रेशमाने शिवून घरटी करणारे, चावले की अंग पेटवणारे ते तांबडे मुंगळे. त्यांच्या वाटेला पाखरेही सहसा जात नाहीत. त्या हुमल्यांच्या रांगेशेजारी एखादा हुमला जरा बाजूबाजूने, थांबत थांबत चाललेला दिसला तर नीट पाहावे. तो मिरमाप्लाटा प्लाटालिऑइडिस नावाचा उडी कोळी असू शकतो. त्याच्या अंगाला मुंगीसारखी खोटी कंबर आहे, डोळ्यांच्या जागी मुंगीच्या डोळ्यांसारखे ठिपके आहेत, आणि मुंगीला सहाच पाय व दोन शिंगे असतात म्हणून तो पुढचे दोन पाय वर धरून शिंगांसारखे हलवतो. मादीचे हे सोंग हुबेहूब. नराची गोष्ट अधिक गुंतागुंतीची. त्याचे जबडे त्याच्या पुढच्या शरीराइतके लांब वाढलेले असतात. मुंगीच्या सोंगात एवढे लांबट काही कसे खपावे? तर ते जबडे अशा आकाराचे आणि टोकाला अशा ठिपक्याचे, की पाहणाऱ्याला वाटावे, हा हुमला तोंडात दुसरा हुमला धरून नेतो आहे. सोंगात पाहणाऱ्याचाही विचार केलेला. हुमल्यांना मात्र हे सोंग चालत नाही. ते वासावर आणि स्पर्शावर ओळखतात, आणि हाती लागला तर चावतात. म्हणून त्यांच्यात राहूनही तो त्यांच्यापासून सतत अंग चोरत असतो. सीमेवरच्या गावात जन्म काढलेल्या माणसाला हे अंग चोरून राहणे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

लोंढ्याकडून मालगाडी आली की आमच्या खिडकीची तावदाने थरथरतात. भिंतीवरचा कोळी त्या वेळी गोठल्यासारखा उभा राहतो. पायांवरच्या केसांना भिंतीची थरथर कळत असेल, एवढेच पूर्वी मानले जाई. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासकांनी दाखवले की उडी कोळ्यांना हवेतून येणारा आवाजही ऐकू येतो, खोलीच्या दुसऱ्या टोकाचासुद्धा. त्यांना विशेषतः खालच्या पट्टीतले घोंघावणे ऐकू येते, आणि गांधीलमाशीच्या पंखांचा आवाज त्याच पट्टीत बसतो. कान नाहीत, पडदा नाही, पायांवरचे बारीक केस तेवढे आहेत. म्हणजे कुंभारीण जवळ येताना त्याला कळत असणार. मग तो स्तब्ध होतो, आणि ती कदाचित पुढे निघून जाते.

रात्री तो झोपतो. पुष्कळदा रेशमाच्या पिशवीत, तर कधी नुसत्या एका धाग्याला उलटा लोंबकळून. युरोपातल्या एव्हार्का आर्कुआटा या उडी कोळ्याच्या पिलांना अशी झोपलेली असताना रात्रभर कॅमेऱ्याखाली ठेवले गेले. २०२२ मध्ये त्याचा अहवाल आला. पिलांचे कवच पारदर्शक असते, त्यामुळे आतल्या डोळ्यांच्या नळ्या दिसत होत्या. ठरावीक अंतराने त्या नळ्या हलत, आणि त्याच वेळी पाय आखडत, अंग थरथरे. माणसाची बुबुळे स्वप्न पाहताना पापण्यांखाली अशीच फिरतात. कोळ्याला स्वप्न पडते असे शास्त्रज्ञांनी म्हटलेले नाही, आणि त्यांनी तसे म्हणण्याची घाई केली नाही याबद्दल मला आदर वाटतो. पण दिवसभर पट्ट्यापट्ट्यांनी जोडलेले जग रात्री पुन्हा त्या नळ्यांतून फिरत असेल, या कल्पनेने मला बरे वाटते, आणि ती मी सोडणार नाही.

जगात आजवर नोंदल्या गेलेल्या कोळ्यांच्या जातींत सगळ्यांत मोठे कुळ यांचेच, सहा हजारांहून अधिक जाती. एप्रिल २०२२ मध्ये जागतिक कोळी-सूचीत पन्नास हजारावी जात नोंदली गेली, ती दक्षिण अमेरिकेतली, आणि तीही उडी कोळीच निघाली. महाराष्ट्रात या कुळातल्या एका जातीला एक नाव मिळाले आहे, ते प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक असावे असे मला वाटते. आयशियस तुकारामी. ठाणे जिल्ह्यात कल्याण परिसरात सापडलेल्या या कोळ्याचे वर्णन २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि अभ्यासकांनी त्याला साताऱ्याच्या जावळी खोऱ्यातून आलेल्या, मुंबई पोलिसांतल्या तुकाराम ओंबळे यांचे नाव दिले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर त्यांनी हातात फक्त काठी असताना दहशतवादी कसाबच्या बंदुकीची नळी धरली आणि गोळ्या अंगावर घेतल्या. पुढे त्यांना अशोकचक्र मिळाले. लहानशा अंगाच्या, समोरच्या संकटाकडे तोंड करून उभ्या राहणाऱ्या प्राण्याला हे नाव देणाऱ्यांनी फार योग्य केले. पुतळे पाखरांच्या विष्ठेने माखतात, रस्त्यांची नावे बदलतात, पण जातीला दिलेले नाव शास्त्र चालू आहे तोवर राहते.

त्याच कुळात एक बघीरा आहे. किपलिंगच्या जंगलकथांतल्या काळ्या बिबट्यावरून १८९६ मध्ये पेकहॅम दांपत्याने मध्य अमेरिकेतल्या एका उडी कोळ्याला बघीरा किपलिंगी असे नाव दिले. पुढे, २००९ मध्ये, कळले की हा बघीरा जवळजवळ शाकाहारी आहे. बाभळीच्या जातीच्या एका झाडाच्या पानांच्या टोकांना पौष्टिक कण येतात, झाडाने ते आपल्या राखणदार मुंग्यांसाठी केलेले असतात. हा कोळी मुंग्यांना चुकवत ते चोरून खातो. हजारो शिकाऱ्यांच्या कुळात हा एक पाला खाणारा. आमच्याकडे दांडेलीच्या बाजूला खरा काळा बिबट्या आहे, त्याला पाहायला लांबलांबून माणसे येतात, गाड्या करून पहाटेच्या थंडीत बसून राहतात. त्यांनी जरूर यावे. भीमगडच्या अभयारण्यासाठीही २०११ पर्यंत थांबावे लागले, आणि तिथल्या गुहांतल्या दुर्मिळ वटवाघळासाठी जी माणसे झगडली त्यांचे आपल्यावर उपकार आहेत. पण मुंबईच्या आरे वसाहतीत गेल्या काही वर्षांत उडी कोळ्यांच्या नव्या जाती सापडल्या, त्या तिथे पाहणारे होते म्हणून. काँक्रीटने वेढलेल्या एका तुकड्यात एवढे सापडते, तर कणकुंबी, जांबोटी, हेमाडग्याच्या ओल्या रानात पानापानावर कोण बसले असेल? खानापूरच्या, बेळगावच्या कॉलेजांत प्राणिशास्त्र शिकणारी मुले आहेत. त्यांच्यातल्या दोघांनी जरी एक भिंग घेऊन एक पावसाळा इथे काढला, तरी मी त्यांना दोन्ही वेळा भाकरी-आमटी करून घालीन. हे मी अगदी मनापासून लिहिते आहे.

मे महिन्यात आमच्याकडे शाकारणी होते. कौले उतरवायची, फुटकी काढायची, रीप बघायचे, पुन्हा रचायची. कौलांच्या खाचेत उडी कोळ्याच्या मादीची घरटी असतात. पांढरी, दाट रेशमी पिशवी, आत अंडी आणि त्यांवर ती स्वतः. अंडी फुटेपर्यंत ती तिथून सहसा हलत नाही. चीनमधल्या टॉक्सियस मॅग्नस या उडी कोळ्याची मादी तर पिलांना दुधासारखा एक पातळ रस पाजते, आणि पिले मोठी होऊन शिकार करू लागली तरी ती पाजत राहते, हे २०१८ मध्ये कळले. आमच्या कौलांतली मादी दूध पाजत नाही, पण राखण करते. तिच्या पिलांविषयी एक गोष्ट मला फार आवडते. फिडिपसच्या पिलांवर झालेल्या एका अभ्यासात दिसले, की प्रौढ डोळ्यात जेवढ्या दृष्टिपेशी असतात तेवढ्या सगळ्या पिलाच्या चिमुकल्या डोळ्यात पहिल्यापासून दाटीवाटीने बसवलेल्या असतात. अंग मागाहून वाढते. नजरेचे भांडवल मात्र जन्मतःच पुरते असते.

शाकारणीला येणाऱ्या गड्याला मी हे सांगितले होते, तो कौले खाली देत असताना, शिडीपाशी उभी राहून. त्याने पिशवी नखाने खरवडायला घेतली होती, तो थांबला. ‘चावतंय काय हे?’ म्हणाला. म्हटले, तुम्हाला नाही, माश्यांना, डासांना. त्याने कौल उलटे धरून बराच वेळ आत पाहिले. पिशवीच्या तोंडाशी मादी आली होती आणि तीही त्याच्याकडे तोंड करून उभी होती. पुढच्या शाकारणीला मी काही सांगण्याआधीच त्याने अशी कौले वेगळी काढून भिंतीशी सावलीत लावून ठेवली होती, आणि घराच्या ओळी भरायला खानापुरी नवी कौले मागितली. मी विचारले, मग ही कुठे ठेवायची?

‘ही गोठ्यावर चढवतो की वहिनी,’ तो शिडीवरूनच म्हणाला. ‘तिथं माशा लई हाईत.’